तुळस ग्रीलच्या बाहेरच का वाकते? आणि घटातला गहू पिवळा का?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, समोर नवीन बिल्डिंग झाल्यापासून गॅलरीत ऊनच नाही. तुळस आणि मिरचीची रोपं सगळी ग्रीलच्या बाहेर मान काढून बसलीत. सासूबाई म्हणतात तिला ऊन पाहिजे. मिस्टर म्हणतात रात्री निळा झिरो बल्ब लाव, निळ्या उजेडात झाडं वाढतात असं त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय. कुणाचं खरं?

उत्तर : ताई, सासूबाईंचं खरं आहे आणि मिस्टरांचं अर्धं. झाडाला उजेड दोन कामांना लागतो, एक अन्न तयार करायला आणि दुसरं म्हणजे उजेड कुठनं येतोय, किती आहे हे कळायला. अन्नाला उजेड भरपूर लागतो, कळायला मात्र अगदी थोडा पुरतो आणि तोही मुख्यतः निळा. त्यामुळं झिरो बल्बनं तुळशीचं पोट भरणार नाही, पण कोवळा शेंडा बल्बकडं वाकायला लागेल, म्हणजे आधीच वाकडी असलेली तुळस आता घरात वाकडी होईल एवढंच.

हे वाकणं चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी लई बारकाईनं बघितलं होतं, 1880 साली त्यावर पुस्तकही काढलं. गवताच्या कोवळ्या कोंबाचं नुसतं टोक झाकलं तर कोंब वाकतच नाही, आणि टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर मात्र वाकतो, म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वळतं खालचं अंग, मग मधे काहीतरी निरोप जात असणार हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. तो निरोप म्हणजे ऑक्झिन हे संप्रेरक. ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांब होतात आणि शेंडा उजेडाकडं झुकतो. पण निळा उजेड नेमका पकडतो कोण, हे कळायला पुढं शंभरावर वर्षं गेली बघा. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं एक किरकोळ तण आहे, त्यात 1997 मध्ये हा उजेड पकडणाऱ्या प्रथिनाचं जनुक सापडलं, त्या प्रथिनाला आता फोटोट्रॉपिन म्हणतात.

हेच फोटोट्रॉपिन आणखी दोन कामं करतं आणि मला विचाराल तर ती वाकण्यापेक्षा भारी आहेत. सकाळी निळा उजेड पडला की पानावरच्या बारीक छिद्रांच्या कडेच्या पेशी प्रोटॉन बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात, त्यामागनं पाणी शिरतं, पेशी फुगतात आणि छिद्र उघडतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आत. दुसरं म्हणजे ऊन फार कडक झालं की पेशीतले हिरवे कण जागा सोडून बाजूच्या भिंतींना जाऊन चिकटतात, मे महिन्यात महाद्वार रोडला माणसं दुकानांच्या सावलीच्या कडेकडेनं चालतात ना तसं. उजेड कमी झाला की परत पसरतात.

तुमच्यासाठी उपाय साधा आहे, चार-पाच दिवसांनी कुंडी थोडी फिरवायची आणि जमेल तेवढी ग्रीलजवळ सरकवायची. जुनं, लाकूड झालेलं खोड सरळ होणार नाही, तिथली वाढ थांबलेली असते, त्यासाठी शेंडे खुडा, नवे फुटवे येतील.

प्रश्न : नवरात्रात देवघरातल्या घटातला गहू एवढा उंच आणि पिवळा येतो, शेतात मात्र हिरवा आणि बुटका. खत नाही म्हणून का? – एक विद्यार्थी, कागल

उत्तर : खताचा काही संबंध नाही भावा, सुरुवातीचे आठ-दहा दिवस कोंब दाण्यातल्या साठ्यावरच जगतो. अंधारात असला की त्याला वाटतं आपण अजून मातीखालीच आहोत, मग सगळी शिल्लक उंची वाढवण्यात घालायची. हरितद्रव्य तयार होण्याचा शेवटाकडचा एक टप्पा उजेडाशिवाय पार पडत नाही म्हणून रंग पिवळा, दसऱ्याला टोपीत खोवायला तोच पाहिजे असतो ही गोष्ट वेगळी. उजेडात आणलं की ही धावपळ थांबते, त्यात लाल उजेड ओळखणारी फायटोक्रोम आणि निळा ओळखणारी क्रिप्टोक्रोम या दोन्ही प्रथिनांचा हात असतो. क्रिप्टोक्रोमचं जनुक 1993 ला सापडलं, तेही वर सांगितलेल्या अरॅबिडॉप्सिस तणातच.

घरी करून बघायचं असेल तर दोन बुटांचे खोके घे, दोन्हीत अंधारात उगवलेले मूग ठेव, एका बाजूला भोक पाड, एका भोकावर लाल जिलेटिन दोन-तीन घड्या करून लाव, दुसऱ्यावर निळं. बाहेर दिवा लावून दुसऱ्या दिवशी बघ. निळ्यातले वाकलेले दिसतील, लालमधले बहुतेक सरळच.

प्रश्न : जांभळे ग्रो लाइट घ्यावेत का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : एक-दोन कुंड्यांसाठी कशाला ओ. त्यात लाल आणि निळे एलईडी असतात, कारण हरितद्रव्य तेच दोन रंग जास्त शोषतं. पण साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्येही आतली चिप निळीच असते, तिच्यावरच्या लेपामुळं बाकीचे रंग मिळतात, म्हणजे निळा उजेड त्यातही आहेच. ट्यूब झाडाच्या वर, वीतभर अंतरावर लावा. बाजूनं लावलीत तर झाड तिकडं वाकणार.