देशाने हवामानाचं उद्दिष्ट जाहीर केलं की स्वच्छ तंत्रज्ञानात खरंच नवे शोध लागतात का?

नुसत्या घोषणेने फारसं काही होत नाही. '२०५०पर्यंत नेट झिरो' (म्हणजे जेवढे हरितगृह वायू हवेत सोडू तेवढेच शोषून घेऊ) हे वाक्य वाचून कोणी कारखाना टाकत नाही. पैसे गुंतवणाऱ्याला एवढंच हवं असतं की आपला माल पुढची पंधरा-वीस वर्षं कोणीतरी विकत घेईल.

जर्मनीचं बघा. २०००च्या अक्षय ऊर्जा कायद्याने सौर वीज २० वर्षं ठरलेल्या दराने घेण्याची हमी दिली. सुरुवातीचा दर होता युनिटला सुमारे ५० युरो सेंट, म्हणजे चांगलाच चढा! पण खरी मेख पुढे आहे: उशिरा येणाऱ्या प्रकल्पाला दर कमी. त्यामुळे पॅनल बनवणाऱ्यांना खर्च उतरवत राहणं भागच पडलं. पॅनलमधले वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्या, पातळ झाले, सिलिकॉन कमी लागू लागलं. पुढे चीनने प्रचंड उत्पादन सुरू केलं आणि किमती कोसळल्या. गंमत म्हणजे बिल भरलं जर्मन ग्राहकांनी, फायदा झाला साऱ्या जगाला.

उलट उदाहरण स्पेनचं. तिथे उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचेही दर सरकारने नंतर कापले आणि गुंतवणूकदारांनी पाठ फिरवली.

एक मर्यादा मात्र आहे. बाजारपेठेच्या हमीने असलेलं तंत्रज्ञान स्वस्त होतं. कोळशाविना पोलाद किंवा नव्या रसायनाची बॅटरी अशा कच्च्या कल्पनांना त्याआधी प्रयोगशाळेसाठी सरकारी पैसा लागतो, आणि माझ्या मते बहुतेक देश नेमका तिथेच हात आखडता घेतात.