अलास्का समजून घ्यायचंय? झेंड्यापासून सुरू करा

अलास्काचा भूगोल, इतिहास आणि राज्यचिन्हं एकत्र कशी समजून घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या याद्या वाचून लक्षात राहत नाही, असंही म्हटलंय. माझंही तेच झालं होतं. बायकोच्या नोकरीमुळे तीन वर्षं अँकरेजला राहिलो आणि तिथला झेंडा नीट पाहिला, तेव्हा कुठे धागा सापडला.

गडद निळ्या कापडावर आठ सोनेरी तारे. आपल्याला कुणी सांगायची गरज नाही: सप्तर्षी आणि ध्रुव. पुण्यात आमच्या गच्चीवरून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीमागे. अँकरेजला तोच ६१ अंशांवर, मान वर करून बघावा लागतो. सप्तर्षी तिथे कधी मावळतच नाहीत. अर्थात मी जूनमध्ये पोहोचलो आणि पहिले दोन महिने एक तारा दिसला नाही, कारण अंधारच पडत नव्हता. रात्री साडेदहाला शेजारी निवांत लॉन कापत असायचा. उलट अगदी उत्तरेला उत्कियाग्विक गावात नोव्हेंबरात मावळलेला सूर्य थेट जानेवारीच्या उत्तरार्धात उगवतो. अक्षांश म्हणजे काय, हे मला शाळेत नाही, तिथे कळलं.

हा झेंडा काढला बेनी बेन्सन नावाच्या सातवीतल्या मुलाने, १९२७ साली, शाळकरी मुलांच्या स्पर्धेत. आई ॲल्यूट-रशियन, ती लहानपणीच गेली; वडील स्वीडिश वंशाचे, त्यांनी मुलांना अनाथाश्रमात ठेवलं. अशा पोराने झेंड्यावर ध्रुव काढावा, हे वाचून अढळपदाची गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. त्याच्या लेखी तो तारा भावी राज्याचा होता. तेव्हा अलास्का राज्य नव्हतंच, अमेरिकेच्या ताब्यातला नुसता प्रदेश होता. ४९वं राज्य झालं ते ३ जानेवारी १९५९ला. निळा रंग आकाशाचा आणि फॉरगेट-मी-नॉट या फुलाचा. तेच आज राज्यफूल. नखाएवढं असतं, वाकून बघावं लागतं.

आता तो अनाथाश्रम होता त्या गावाचं नाव बघा: सेवर्ड. १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना, म्हणजे एकरी जेमतेम दोन सेंटना अलास्का घेणारा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड, त्याचंच नाव. तेव्हा विरोधकांनी याला ‘सेवर्डचा मूर्खपणा’ म्हणून हिणवलं. हस्तांतर सिटकाला झालं, आणि रशियन पंचांग बारा दिवस मागे, शिवाय वाररेषाही सरकवलेली, त्यामुळे तिथे शुक्रवार ६ ऑक्टोबरनंतर उजाडला शुक्रवार १८ ऑक्टोबर! या व्यवहारात ट्लिंगिट, युपिक, इनुपियात या तिथल्या मूळ रहिवाशांना कुणी विचारलंही नाही. जमिनीचा निवाडा व्हायला १९७१ साल उजाडलं, ४.४ कोटी एकर त्यांना मिळाली. तोवर उत्तरेला प्रूडो बे इथे तेल सापडलं होतं, १९६८ मध्ये. पाइपलाइन टाकायची तर जमीन कुणाची हे ठरवणं भागच होतं. न्यायबुद्धी एवढी उशिरा का जागी झाली, ते यावरून समजा.

अँकरेजहून सेवर्ड २०० किलोमीटर, रस्ता अप्रतिम. १९६४च्या ९.२ क्षमतेच्या भूकंपात या गावच्या बंदराचा धक्का समुद्रात गेला, तेलाच्या टाक्या पेटल्या, मागून त्सुनामी. बेनीच्या अनाथाश्रमाची इमारतही तेव्हाच मोडकळीला आली.

आकाराचं म्हणाल तर अमेरिकेच्या नकाशात खाली कोपऱ्यात दाखवतात त्या चौकोनावर जाऊ नका. क्षेत्रफळ १७ लाख चौरस किलोमीटर, साडेपाच महाराष्ट्र बसतील. लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ७ लाख ३३ हजार, म्हणजे एकट्या सोलापूर शहराहून कमी. राजधानी जुनोला बाहेरून रस्ताच जात नाही. विमान नाहीतर बोट. सगळ्यात उंच डोंगर ६,१९० मीटरचा. सरकारी कागदावर २०२५ पासून तो पुन्हा मॅकिन्ली झालाय, पण आमच्या ऑफिसात सगळे डेनालीच म्हणायचे.

बाकी चिन्हं पाठ करायची गरज नाही. राज्यखेळ कुत्र्यांची स्लेज, मासा किंग सॅमन, खनिज सोनं, जीवाश्म लोकरी मॅमथ. हे सगळं ओघाने लक्षात राहतं. कीटक मात्र शाळकरी मुलांनी मतदानाने निवडला: चतुर. उमेदवारांत डासही होता. जुलैत तिथल्या तळ्याकाठी एक संध्याकाळ बसून आल्यापासून मला तो निकाल मान्य नाही.