घरची खुडबुड : गच्चीवर आळ घेण्याआधी

गणपती गेले की या सदराला येणारी पत्रं ओली व्हायला लागतात. पावसाळाभर भिंतींनी प्यायलेलं पाणी आता रंगातून बोलू लागतं. सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं मेंटेनन्सला काढली. तिथल्या आमच्या फोरमनचा एक नियम होता : पान्हा उचलण्याआधी अर्धा तास मशीनकडे नुसतं बघायचं. तेव्हा आम्ही त्याला हसायचो. आता तोच नियम मी दर महिन्याला वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवत असतो.

प्रश्न : काका, पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाउस आहे. वरच्या बेडरूमच्या छताला कोपऱ्यात ओल येते. दोन वर्षांत दोनदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, ६४ हजार गेले. डाग उन्हाळ्यातही पूर्ण वाळत नाही. आता तिसरा माणूस म्हणतोय, सगळा कोबा फोडावा लागेल. फोडू का?

उत्तर : नका फोडू. उत्तर तुम्हीच लिहिलंय, तुमच्या चौथ्या वाक्यात. डाग उन्हाळ्यातही वाळत नाही ना? मग मे महिन्यात, नाशिकचं ऊन गच्ची भाजून काढत असताना, पाऊस कुठून आला? पावसाचं पाणी असतं तर डाग होळीनंतर आक्रसत गेला असता. बाराही महिने ओल राहते तिथे बाराही महिने पाणी पुरवणारं कुणीतरी असतं. बहुतेक वेळा ती पाइप असते, नाहीतर टाकी.

आधी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख लिहा. आपण नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो, गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. तसाच हा घरातला मारुती. दर रविवारी नवी रेघ. पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी रेघ मागे सरकत नसेल तर गच्चीची सुटका करा.

मग टाकी. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद, मोटार बंद. गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. पहाटे कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. पातळी बोटभर जरी उतरली असेल तर पाणी कुठेतरी जातंय. पण लगेच पाइपवर आळ घेऊ नका. संडासाचा फ्लशही रात्रभर गुपचूप गळतो. फ्लशच्या टाकीत चमचाभर खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर चोर तो. त्याचा वॉशर बदला आणि टाकीची परीक्षा पुन्हा घ्या.

पातळी उतरली नाही तर मोटार चालू असताना गच्चीवर उभे राहा. बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, नीट बसत नसेल तर टाकी रोज ओव्हरफ्लो होते, ते पाणी कोब्यावर एकाच कोपऱ्यात साचतं आणि तुम्ही खाली चहा पीत असता. हे कुणाला दिसत नाही, कारण मोटार लावून गच्चीवर कुणी जात नाही.

माझा अंदाज विचाराल तर टाकीतून उतरणारी लाइन. जुन्या रो-हाउसांत ती जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची असते आणि कोब्याखालून नेलेली असते. गंज सांध्यापाशी, आट्यांवर आधी लागतो. तसं निघालं तरी पाइप शोधायला कोबा फोडू नका. जुनी लाइन दोन्ही टोकांना बूच मारून तिथेच मरू द्या आणि नवी सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकची) लाइन बाहेरच्या भिंतीवरून उघडी उतरवा. तिला रंग द्यायला विसरू नका, उन्हाने ती ठिसूळ होते. दिसायला वाईट दिसेल, पण पुढच्या वेळी गळती डोळ्यांना दिसेल. छताला रंग मात्र डाग पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात. आता दिला तर दिवाळीला फुगे येतील.

आणि गच्चीच खरी गुन्हेगार निघाली, तर तेही आधी सिद्ध करा. पाऊस संपल्यावर पावसाळी पाइपाचं तोंड मातीच्या पिशवीने बंद करून गच्चीत दोन इंच पाणी दोन दिवस धरा. त्याहून जास्त नको. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. आमच्या हॉलच्या भिंतीला तळाशी ओल आली तेव्हा मी बाथरूमच्या चार फूट टाइल्स फोडल्या होत्या. खाली सगळं कोरडं ठणठणीत. ओल येत होती बाहेरच्या बाजूने, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या जास्वंदीच्या सात कुंड्यांमधून. रोज सकाळी त्यांना पाणी मीच घालत होतो. कुंड्या हलवून बघा, असं आमची ही पहिल्या दिवसापासून म्हणत होती.

प्रश्न : नाशिकरोडला भाड्याने राहतो. गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. घरमालक म्हणतात, रबरी चप्पल घालून आंघोळ करा.

उत्तर : हे वाचून होताच गीझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा खटका, पाडा. इलेक्ट्रिशियन बघून जाईपर्यंत पाणी गॅसवर तापवा.

इथे बिघाड एक नाही, दोन आहेत. गीझरच्या कॉइलमधून करंट पाण्यात उतरतोय, हा पहिला. आणि अर्थिंग नाही किंवा तुटलंय, हा दुसरा. अर्थिंग असतं तर तो करंट तुमच्या हाताची वाट बघत बसला नसता. म्हणून नुसती कॉइल बदलून घेऊ नका, अर्थिंगही तपासायला लावा. काही जण प्लगमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणतात. तसं करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटली की गीझरच्या पत्र्यावर थेट वीज येते. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

घरमालकांना हे पान दाखवा. हवं तर माझ्या नावाने बोल लावू द्यात.

प्रश्न : पावसात दार फुगलंय, लागत नाही. सुतार रंधा मारायला तयार आहे.

उत्तर : दिवाळीपर्यंत थांबा. आता तासलं तर थंडीत फटीतून वारा येईल. घासतंय तिथे मेणबत्ती चोळा. दिवाळीनंतरही अडलं तर तासा, आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडांना रंग द्या. तिथे रंगारी हात फिरवत नाहीत आणि पाणी तिथूनच शिरतं.

प्रश्न : भद्रकालीत आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. तळमजल्याच्या भिंतींचा पोपडा निघायचा म्हणून तीन वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लॅस्टर आणि वर ऑइल पेंट दिला. आता पांढरी भुकटी येते, आणि पूर्वी दोन फुटांवर असलेली ओल चार फुटांवर गेली आहे.

उत्तर : भिंत आधी श्वास घेत होती, तुम्ही तिचं नाक दाबलंत.

दगड, वीट आणि चुन्याच्या या भिंतींना खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू उडून जातं. सिमेंट आणि ऑइल पेंटने वाट बंद झाली की वाट सापडेपर्यंत ते वर चढत राहतं. तुमचे दोन फूट असे वाढले. पांढरी भुकटी म्हणजे लोणा, पाण्याबरोबर आलेले क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडून उचला. धुतलात तर विरघळून परत भिंतीत जाईल.

ओलीच्या वर आणखी हातभरापर्यंत सिमेंट काढून टाका. एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा, पाहुणे काय म्हणायचं ते म्हणोत. मग चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. चुन्याचं काम येणारे गवंडी आता कमी उरलेत, पण जुन्या नाशकात विचारलंत तर सापडतील. आणि एक बघा : अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेत का? अंगण उंच होऊन उतार भिंतीकडे झाला असेल तर चुनाही काही करू शकणार नाही.

प्रश्न : गंगापूर रोडला गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये द्राक्षाचा वेल लावलाय. चार वर्षं झाली. मांडव भरून पानं येतात, द्राक्षं मात्र एकदाच आली, एक घड. पानांवर पांढरी पूडही दिसते. नाशकात राहून द्राक्षं विकत आणायची लाज वाटते हो काका!

उत्तर : ताई, वेलीवर तुमचं प्रेम जास्त झालंय. तुम्ही तिला कात्री लावलेली नाही, हे पत्रात न लिहिताही कळतं.

दिंडोरी-निफाडच्या बागांत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडीवरचे एक-दोन डोळे (कोंब फुटतात त्या गाठी) ठेवून सगळं खाली. त्यानंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या उन्हात घड तयार होतो, अगदी सूक्ष्म. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तोच बाहेर येतो. तुमच्या मांडवात पानांची इतकी गर्दी आहे की आतल्या डोळ्यांना ऊनच मिळालं नाही. घड बसणार कुठे?

यंदाची एप्रिल हुकली, तरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रयत्न करू. पेन्सिलीएवढ्या जाड, तपकिरी झालेल्या काड्या निवडा, सहा-सात डोळे ठेवून कापा. हिरव्या, लुसलुशीत काड्या काढूनच टाका. डोळे लवकर फुटावेत म्हणून बागाईतदार काड्यांना एक रसायन लावतात. ते विषारी असतं, घरी आणू नका.

पांढरी पूड पानाच्या वर असेल आणि बोटाने पुसली जात असेल तर ती भुरी. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर, तोंडाला फडकं बांधून फवारा. ऑक्टोबर हीटच्या भर दुपारी फवारलंत तर पानं करपतील. पण वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव असेल तर तो डाऊनी, दुसरा बुरशीचा रोग. तो पावसात वाढतो आणि त्याला बोर्डो लागतं : लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत कालवा, मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. फवारा त्याच दिवशी संपवा.

ड्रममध्ये नुसती काळी माती भरली असेल तर तीही बदला. वाळली की ती आक्रसते, कडेला फट पडते, आणि तुम्ही घातलेलं पाणी मुळांना न भेटता सरळ खाली जातं. अर्धी माती, बाकी शेणखत आणि जाड वाळू.

सगळं जमलं तर फेब्रुवारीच्या सुमाराला मणी गोड होतील. नेमका दिवस बुलबुल सांगतात. पहिला टोचलेला मणी दिसला की त्याच संध्याकाळी घड काढून घ्या.