इंडस्ट्रीवाल्यांशी बोलायच्या आधी हे वाच
एनसीएलला (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) नवीन जॉइन झालायस ना, मग पहिलं म्हणजे पेपर पाठवायच्या आधी पेटंट फाइल कर, उलटं केलंस तर नवेपणा गेला म्हणून पेटंटच अडकतं, आणि कॉन्फरन्समधलं पोस्टरपण त्यात धरतात हां. माशेलकर सर डायरेक्टर असताना जीईने (जनरल इलेक्ट्रिक, अमेरिकन कंपनी) एनसीएलशी पॉलिकार्बोनेटवर (एक मजबूत प्लॅस्टिक) हात मिळवला तो एनसीएलचं अमेरिकन पेटंट बघूनच. बाकी फ्लास्कमधले पाच ग्रॅम दाखवून भागत नाही, कंपनीवाले विचारणार सॉल्व्हंट परत किती मिळतो, किलोमागे खर्च किती, सगळ्या बॅच सारख्या येतात का. एकदा कुरकुंभ एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात जाऊन रिअ‍ॅक्टर बघून ये, ऑपरेटरशी बोल (मॅनेजर नुसता चहा पाजेल). स्टार्टअप काढायचंच असेल तर स्टार्टअपना मदत करणारं व्हेंचर सेंटर कॅम्पसवरच आहे, २००७ पासून. आणि कंपनीबरोबरच्या एमओयूच्या (सामंजस्य करार) फोटोवर खूश होऊ नकोस, पैसे कुठल्या टप्प्याला येणार ते आधी लिहून घे.