एसपीडीतला ठेका कॉम्प्युटरवर कोरडा का वाजतो आणि क्लिकवरून का सरकतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: लेझीमच्या ताफ्यासाठी रोलँड एसपीडी-एसएक्सवर (थाप मारली की साठवलेला आवाज वाजवणारं नऊ पॅडचं मशीन) हलगी-ढोलकीचे ठेके बसवलेत. गणपतीच्या मिरवणुकीसाठी त्यांचा पूर्ण ट्रॅक कॉम्प्युटरवर करायचाय. पेनड्राइव्हवरून फाईली आणल्या, पण आवाज कोरडा लागतो आणि दहाएक आवर्तनांत लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) क्लिकच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या तालाच्या टिकटिकीच्या, मागे पडतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी कोरडेपणा. पेनड्राइव्हवर येते ती फक्त वेव्ह फाईल. पॅडचा व्हॉल्यूम, किटचे (नऊ पॅडच्या एका मांडणीचे) इफेक्ट, मास्टर इफेक्ट, म्यूट ग्रुप (एक बोल वाजला की दुसरा थांबवणारी जोडणी) हे सगळं किटचं सेटिंग असतं. ते फाईलच्या आवाजात मिसळलेलं नसतं आणि तुमचं सॉफ्टवेअर ते वाचत नाही. हलगीत हे सगळ्यात जास्त खटकतं. मशीनवर बंद बोल वाजला की म्यूट ग्रुपमुळे खुल्या बोलाची आस तिथल्या तिथे तुटते. कॉम्प्युटरवर ती मागे वाजत राहते आणि ठेका गिचमिड होतो. सॉफ्टवेअरच्या ड्रम सॅम्पलरमध्ये दोन्ही बोल एकाच चोक ग्रुपमध्ये (तिथला म्यूट ग्रुपच) टाका, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. कोणता बोल कुठल्या पॅडवर, किती व्हॉल्यूमला आणि कोणत्या ग्रुपमध्ये आहे, हे नऊही पॅडचं मशीन समोर असतानाच वहीत लिहून घ्या.

इफेक्टसकट आवाज हवा असेल तर तो रेकॉर्डच करावा लागतो. मास्टर आउटच्या दोन्ही जॅकमधून दोन मोनो केबल ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, माइक इनपुटला नको. सगळ्यात जोरकस थापेला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. घूं असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तेवढ्याने थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. अशा वेळी बॅटरीवर रेकॉर्ड करा किंवा मध्ये डीआय बॉक्स (अर्थिंगची घूं तोडणारी डबी) लावा. माझं मत विचाराल तर सुटे बोल कोरडेच आणा आणि रिव्हर्ब (खोलीसारखी घुमण) सॉफ्टवेअरमध्ये द्या. एकदा आवाजात मुरलेला रिव्हर्ब नंतर काढता येत नाही.

आता सरकण्याचं. कॉम्प्युटर चुकत नसतो, लूपची लांबी चुकलेली असते. १०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १०० मात्रांच्या टेम्पोला, एक मात्रा ०.६ सेकंदाची. एसपीडी-एसएक्सच्या फाईली ४४.१ किलोहर्ट्झच्या असतात, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) आणि एका मात्रेला २६,४६० सॅम्पल. केहरव्याची दोन आवर्तनं, म्हणजे १६ मात्रा, बरोबर ४,२३,३६० सॅम्पलमध्ये बसली पाहिजेत. तुमची फाईल ४,२३,९०० भरली तर जादा ५४० सॅम्पल म्हणजे १२ मिलिसेकंद. एकदा ऐकताना कळतसुद्धा नाही. पण दहा फेऱ्यांत १२० मिलिसेकंद साचतात, मात्रेचा पाचवा हिस्सा! तेवढ्यात लेझीम खेळणाऱ्याचा पाय चुकतो.

उपाय सोपा आहे, फक्त घाई नको. फाईल खूप मोठी करून बघा, सुरुवातीची शांतता थाप जिथे उठते तिथपर्यंत कापा, मग शेवट हिशेबाच्या सॅम्पलवर कापा. दोन्ही टोकांना एक-दोन मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर जोडावर टिकटिक येते. टेम्पो माहीत नसेल तर मात्रांना ६० ने गुणून फाईलच्या सेकंदांनी भागा. सॉफ्टवेअरच्या अंदाजावर विसंबू नका, ते ६५ चे १३० सर्रास सांगतं. दादऱ्याची फाईल चारच्या मोजणीत टाकली तर सम प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी पडते. तिथे फाईल कापू नका, प्रोजेक्टची मोजणी ६/८ करा.

लूप सरकतोय असं दिसलं की बरेच जण सरळ स्ट्रेच करतात, म्हणजे आवाज ताणून किंवा आखडून लांबी जुळवतात. ढोलकीच्या घुमाऱ्याला ते एकवेळ चालतं, हलगीला नाही. तिची सगळी धार थापेच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते आणि स्ट्रेच नेमकी तीच पुसतो. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प (तिथला स्ट्रेच) बंद ठेवा, लागलाच तर बीट्स मोड वापरा. टेम्पो बदलायचाच असेल तर लूपचे बोलाबोलाला तुकडे करून ते नव्या टेम्पोवर मांडा.

लूप सरकण्याबरोबर सूरही चढलेला वाटला तर प्रोजेक्टचा सॅम्पल रेट तपासा. ४४.१ ची फाईल रूपांतर न होता ४८ ला वाजली की साधारण दीड सेमीटोन (अर्धस्वर) वर जाते आणि १०० चा टेम्पो १०८.८ होतो.

एक गोष्ट मात्र सरळ करू नका. आपल्याकडचा लेझीमचा ठेका संथ सुरू होतो आणि चढत जातो, ती चढण हातात असते. तो सलग वाजवून घेतला असेल तर ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या सारख्या अंतराच्या रेघांवर) ठोकून बसवू नका. दर दोन आवर्तनांच्या समेवर खूण करून टेम्पो मॅप बनवा, म्हणजे क्लिक तुमच्या हातामागे येईल. त्याच वाजवण्याची मिडीही (कोणता पॅड कधी, किती जोरात वाजला याची नोंद) सोबत रेकॉर्ड करा, म्हणजे नंतर बोल बदलता येतील. त्यासाठी पॅडचं डायनॅमिक्स चालू ठेवून जोर-हलकेपणा व्हेलॉसिटीत (मिडीतल्या जोराच्या आकड्यात) नीट उतरतोय का, ते आधी दोन-चार थापांवर बघा. क्वांटाइझ (थापा ग्रिडकडे सरकवणं) लावलंच तर ४०-५० टक्क्यांच्या वर नको.

ट्रॅक पूर्ण झाला की मास्टर मोनो करून ऐका. मिरवणुकीच्या गाडीवरचे स्पीकर बहुतेक वेळा मोनोच वाजतात. ढोलकी तिथे पातळ पडली तर तिच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींना मारताहेत. एकच बाजू ठेवून मध्यावर आणा.