तेरा-बारामधलं धुकं

प्रश्न : आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. मुलगा सांगलीत अकरावी सायन्सला शिकतो. मोबाइलवर विमानतळांचे हवामान अहवाल उघडतो आणि त्यातली अक्षरं-आकडे वहीत उतरवून घेतो. त्याला मेटार म्हणतात म्हणे. पायलट व्हायचंय म्हणतो. ॲप सगळं सोपं करून सांगतं, मग हे पाठ करून उपयोग काय? अभ्यास बुडतोय असं समजून थांबवू का?

उत्तर : नमस्कार. थांबवू नका, पण त्याच्या नादाला थोडी दिशा द्या.

त्याच्या वहीत अशी एखादी ओळ असेल : 'व्हीएपीओ ०५०१००झेड ०००००केटी ०८०० एफजी एनएससी १३/१२ क्यू१०१५'. व्हीएपीओ म्हणजे पुणे विमानतळ. पाच तारीख, जागतिक वेळ रात्री एक. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे साडेसहा. वारा शून्य. धुक्यामुळे ८०० मीटरपर्यंतच दिसतंय, दखल घ्यावी असे ढग नाहीत. तापमान १३, दवबिंदू (म्हणजे हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान) १२, हवेचा दाब १०१५ हेक्टोपास्कल. एवढं ॲपही सांगेल.

पण १३/१२ पाहून पुढचं ओळखणं माणसाचं काम. दोन आकड्यांत एका अंशाचं अंतर आणि वारा पडलेला, म्हणजे हवा बाष्पाने जवळजवळ भरली आहे. ऊन चढेपर्यंत किंवा वारा सुटेपर्यंत धुकं हटणं अवघड. निघायचं की थांबायचं, जादा इंधन किती घ्यायचं, उतरता आलं नाही तर कुठल्या विमानतळाकडे वळायचं, हे वैमानिक अशाच आकड्यांवरून ठरवतो. म्हणून डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी हवामानशास्त्राचा विषय असतो आणि पास व्हायला ७० टक्के लागतात.

तुम्ही बागेत वेगळं काय करता? ऑक्टोबर छाटणीनंतर पानांवर दव किती वेळ राहिलं ते बघूनच डावणी रोगावरच्या फवारणीचं ठरवता ना? तेव्हा या विषयात तुम्ही मुलाशी बरोबरीने बोलू शकता. रात्री जेवताना विचारा, उद्या पुण्याला धुकं पडेल का, आणि कशावरून? संध्याकाळच्या अहवालावरून त्याने अंदाज लिहावा, सकाळी पडताळावा. चुकला तर कारणही शोधावं : रात्री ढग आले आणि जमीन पुरेशी थंड झाली नाही, की वारा सुटला? रोज अर्धा तास यासाठी द्या. बाकीचा वेळ फिजिक्स-मॅथ्सचा, कारण पुढच्या सगळ्या वाटा तिथूनच जातात.

आता पायलटचं. हे स्वप्न खर्चिक आहे. परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च बहुधा पन्नास लाखांच्या पुढे जातो. मला काळजी वाटते ती आधी कर्ज काढून मग वैद्यकीय तपासणीला जाणाऱ्या घरांची. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर सगळंच अडतं. जमिनीचा कागद बँकेत नेण्याआधी डीजीसीए-मान्य डॉक्टरांकडून वर्ग दोनची तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवान्याला लागणारी वर्ग एकची तपासणी त्यानंतर होते.

आणि पायलट होणं हीच एक वाट नाही. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. केलं, जे सांगलीत विलिंग्डनसारख्या कॉलेजात घरच्या खर्चात होतं, तर विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते. या नियंत्रकांना हेच अहवाल रोज हाताळावे लागतात. दुसरी वाट भारतीय हवामान विभागाची. नागरी विमानतळांवर ही निरीक्षणं बहुतेक याच विभागाची माणसं घेतात, आणि त्यांची प्रशिक्षण संस्था आपल्या पुण्यात आहे. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी.ही करता येते. तुमच्या मुलाचा ओढा विमानापेक्षा हवेकडे असेल, तर ही वाट त्याला जास्त मानवेल असं मला वाटतं. त्यालाच विचारा : वही भरताना जास्त आनंद कशाचा होतो, विमान उतरल्याचा की अंदाज बरोबर आल्याचा?

त्याचं उत्तर आणि तपासणीचा निकाल, दोन्ही कळवा. प्रशिक्षण संस्था की कॉलेज, याचं बोलणं त्यानंतर करू.