सत्तरीनंतर दमवणारा व्यायाम करावा का?

करता येतो, पण थेट तिथून सुरुवात नको. आधी 6-8 आठवडे रोज 30 मिनिटं भरभर चालून पाया पक्का करा. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मग आठवड्यातून दोनदाच: 10 मिनिटं सावकाश चाल, नंतर 1 मिनिट चढावर इतक्या जोरात की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलवू नये, मग 2 मिनिटं हळू. असे चार फेरे पुरेत.

घोटाळा होतो तो शेवटी. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. म्हणून 5 मिनिटं रमतगमत चालाच. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयविकारावरची, ठोके मंदावणारी गोळी) घेत असाल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका, गोळीमुळे ठोके फारसे वाढतच नाहीत. छातीत दडपण आलं तर मात्र फेरा अर्धवट सोडा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.